‘हे काय? सांग ना!’ थोडे दिवस बंद

‘ताई, माझा मुलगा २१ महिन्यांचा आहे. ‘बाबा’, ‘नको’ असे चारच शब्द बोलतो, बाकी नुसतं भूभू आणि भुर्र. सगळं बोट दाखवून मागतो. रोज फ्लॅशकार्ड घेऊन बसते, तर उठून पळतो. जेवताना मोबाइल लागतोच. सासूबाई म्हणतात, त्याचा बाबाही उशिराच बोलला. नोकरीमुळे माझं दुर्लक्ष झालं का?’

अगं, तो शेवटचा प्रश्न आधी मनातून काढून टाक. दिवसभर ऑफिस करून रात्री मुलासमोर कार्डं मांडणारी आई दुर्लक्ष करत नाही. आणि शब्द पुन्हा मोज. ‘भूभू’ आणि ‘भुर्र’ हेही शब्दच. ठरावीक गोष्टीला तो दरवेळी तोच आवाज वापरतोय ना?

कार्डं मात्र कपाटात ठेव. ‘हे काय? सांग ना’ ही परीक्षा झाली, तिच्यापासून तो पळणारच. त्यापेक्षा मटार सोलताना त्याला समोर बसव (दाणे तोंडात जात नाहीत ना, एवढं बघ). शेंग हातात घे, ‘उघड’ म्हण. टच्‌कन उघडली की ‘उघडली!’. दाणा ताटलीत पडला की ‘टप्प’. असं चार-पाच शेंगांचं झालं की पुढची शेंग नुसती धर आणि गप्प राहा. मनात पाचपर्यंत मोज. आपल्याला तेवढंही राहवत नाही, आपणच बोलून मोकळ्या होतो. तो तुझ्या तोंडाकडे बघेल, ओठ हलवेल, कदाचित ‘घड’ म्हणेल. त्याला दुरुस्त करू नकोस. ‘हो, शेंग उघड!’ म्हण आणि उघड. त्याच्या एका शब्दाला आपला एक जोडायचा, बस. काहीच बोलला नाही, नुसतं बोट दाखवलं, तरी शेंग उघड. अडवून धरायचं नाही.

अंघोळीचा तांब्या, कपड्यांच्या घड्या, सगळीकडे हेच चालतं. सासूबाईंचे मांडीवरचे बोटांचे खेळ तर रोज होऊ देत. घरात मराठी बोलता तीच बोला. मोबाइल जेवणातून काढ. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञही सांगतात. पहिले काही दिवस रडेल, कमी जेवेल. भात त्याच्या हातानं सांडू दे.

सासूबाईंचं एक मात्र मला पटत नाही, वाट बघत बसणं. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि ‘बाबा ये’ अशी जोडी यायला लागते. म्हणून याच महिन्यात कानांची तपासणी करून घे. दार वाजलं की तो वळतो, एवढ्यावर जाऊ नकोस. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर मोठे आवाज कळतात, बोलण्यातले बारीक निसटतात. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखण्यासाठीचं) असतं, तिथे मोफत तपासतात. हाकेला बघेनासा झाला किंवा येणारे शब्द गेले, तर महिनाही थांबू नकोस.

तपासणीत काय निघालं ते कळव. आणि मटारांचंही.