‘मोबाईलला कळतं’ की ‘मोबाईल ओळखतो’?

इंदिरानगरहून एका आईंनी विचारलं आहे. त्यांच्या सातवीतल्या मुलीने निबंधात लिहिलं, ‘मोबाईलला आपला आवाज कळतो.’ बाईंनी त्यावर लाल रेघ मारून ‘मोबाईल आपला आवाज ओळखतो’ असं केलं. मुलगी अडून बसली आहे की माझं व्याकरण कुठे चुकलं ते दाखवा. आईंनी त्याला जोडून आणखी एक विचारलं आहे: कळणे आणि समजणे यांत काही फरक आहे का?

मुलीचं व्याकरण कुठेही चुकलेलं नाही. ‘आवाज कळतो’, लिंग-वचन सगळं जागच्या जागी आहे. तरीही मी बाईंच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण त्या वाक्यातल्या ‘ला’मध्ये आहे.

‘मी ओळखतो’ आणि ‘मला कळतं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात मी काहीतरी करतो. दुसऱ्यात मी काही करत नाही, माझ्या बाबतीत काहीतरी घडतं. मला सुचतं, मला वाटतं, मला पटतं, मला उमगतं, मला आवडतं: मनाच्या आतल्या गोष्टी सांगताना मराठी माणूस ‘मी’ बाजूला ठेवतो आणि ‘मला’ म्हणतो. नुसता ‘ला’ मात्र मनाची खूण नव्हे. गाडीला पेट्रोल लागतं, झाडाला पाणी लागतं, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. पण गाडीला पेट्रोल आवडतं म्हटलं की लगेच लहान मुलांची गोष्ट सुरू होते. म्हणजे लागण्याला मन नसलं तरी चालतं, आवडण्याला आणि कळण्याला ते असावं लागतं.

आता या क्रियापदांचा आज्ञार्थ करून पाहा. ओळख. मोज. ठरव. शोध. सगळे होतात. ‘कळ’? ‘पट’? ‘सुच’? होत नाहीत. ‘कळून घे’ म्हणतात, पण तिथे आज्ञा घेण्याची आहे, कळण्याची नाही. समोरच्याला समजावून सांगता येतं, दहा वेळा सांगता येतं, पण त्याला ‘कळ’ असा हुकूम सोडता येत नाही. आणि संगणकाला जे देतात त्याला आपण मराठीत काय म्हणतो? आज्ञावली. आज्ञांवर चालणाऱ्या वस्तूला आज्ञा न मानणारं क्रियापद लावणं माझ्या कानाला खटकतं, ते यामुळे. मोबाईल टाइप करताना पुढचा शब्द सुचवतो, त्याला मात्र काही सुचत नाही, हेही याच रांगेतलं.

आईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. बातमी कळली काय किंवा समजली काय, एकच. पण ‘समजणे’ दोन्ही घरचं आहे. ‘मला समजलं’ होतं तसं ‘मी समजलो’ही होतं, ‘मी त्याला भाऊ समजतो’ही होतं, आणि आज्ञार्थ तर गणिताच्या तासाला रोज होतो: ‘समजा, क्ष बरोबर पाच.’ ‘कळणे’ फक्त ‘मला’च्याच घरी राहतं.

जुन्या यंत्रांबद्दल आपण कसं बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. माझे मामा निफाडकडे द्राक्षं करतात. माल काढणीला आला की ते घडातला एक मणी चिमटीत धरून किंचित दाबतात, सोडतात, देठाकडे बघतात आणि म्हणतात, “अजून चार-पाच दिस.” त्यांचा मुलगा खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढतो, काचेवर रसाचा एक थेंब टाकतो, झाकण लावून नळी उजेडाकडे धरतो आणि एक डोळा मिटून आकडा वाचतो. तो म्हणतो, “साखर सोळा दाखवतंय.” दाखवतंय. काटा वजन दाखवतो, थर्मामीटर ताप दाखवतो, मीटर युनिट दाखवतं. मामांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, “हाताला कळतं ना.” बापलेक दोघेही भाषेचे अभ्यासक नाहीत. पण हाताला ‘कळतं’ आणि नळी ‘दाखवते’, हा भेद त्यांच्या बोलण्यात एकदाही चुकत नाही.

मोबाईलने गोंधळ केला, कारण तो बोलतो. फोनवरचा मशीनचा आवाज “माफ करा, मला समजलं नाही” म्हणतो तेव्हा त्याने स्वतःच ‘मला’ घेतलेलं असतं.

हा गोंधळ नवा नाही. अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९५० साली ‘माइंड’ नावाच्या, म्हणजे अक्षरशः ‘मन’ नावाच्या, ब्रिटिश त्रैमासिकात यंत्रं विचार करू शकतात का हा प्रश्न मांडला. मूळ प्रश्नात अर्थ नाही, असं त्याचं मत होतं. पण शतक संपेपर्यंत शब्दांचा वापर आणि शिकलेल्या लोकांचं मत इतकं बदलेल की यंत्रं विचार करतात असं बोललं तर कुणी आक्षेप घेणार नाही, असं भाकीत त्याने केलं. शब्दांचा वापर! म्हणजे सातवीतल्या त्या वहीवरची लाल रेघ हा ट्युरिंगच्या भाकिताला घेतलेला आक्षेपच आहे. पुढे १९६६ साली जोसेफ वायझेनबाउमने ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. आपण टाइप केलेलं वाक्य उलटवून तो त्याचाच प्रश्न करायचा, फार काही नाही. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउमलाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आपलं कुणाला तरी कळतंय, ही ओढ माणसात इतकी खोल आहे. मुलीचं वाक्य त्याच ओढीतून आलं असणार, म्हणून तिला रागावू नये.

मग हट्ट कशाला, चालू द्या की, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण मराठीत कळण्याला जबाबदारी चिकटलेली आहे. ‘कळूनसवरून केलं’, ‘कळतं वय’, ‘कळत-नकळत’: दोष द्यायचा की माफ करायचं, हे आपण या शब्दांवर ठरवतो. कायदाही तेच बघतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य अपराध ठरत नाही (कलम २०). सात ते बारा वयात, आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय हे जोखण्याइतकी समज आली नसेल, तरीही ठरत नाही (कलम २१). अठराच्या आतल्याला आपण कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणतो. सातबारा नीट पाहिलात तर लहान मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ आणि मग आईचं किंवा आजोबांचं नाव दिसेल. अज्ञान पालनकर्ता. ज्याला कळत नाही त्याच्या बाजूला, ज्याला कळतं अशा माणसाचं नाव लिहिलेलंच पाहिजे, ही त्या तीन अक्षरांमागची शिस्त.

गेल्या वर्षी पंचवटीत मावशींबरोबर रेशनला गेलो होतो. चाळीस वर्षं भांडी घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. त्यांनी अंगठा ठेवला, पुसला, परत ठेवला, पदराने काच पुसली, दुसऱ्या हाताचा ठेवला. “मशीन घेत नाही, मावशी,” दुकानदार म्हणाला. तो त्यांना लग्न होऊन आल्यापासून ओळखतो. त्याला कळत होतं, समोर कोण उभं आहे ते. मशीन ओळखत नव्हतं. एकच क्रियापद, आणि दोन ओळखींत केवढं अंतर! त्या दिवशी ‘मशीनला कळत नाही’ असं कुणी म्हणालं असतं, तर दोष बिचाऱ्या यंत्राच्या मंद डोक्यावर गेला असता आणि आम्ही सगळे मान हलवून घरी आलो असतो. ‘मशीन घेत नाही’ म्हटलं की निदान पुढचं विचारता येतं: मग अशा वेळी काय करायचं हे कुणी ठरवलंय? मी विचारलं. दुसरा मार्ग होता, नोंद करून धान्य मिळालं. यंत्राचा अ. पा. क. कोण, हे विचारायची जागा भाषेने मोकळी ठेवली पाहिजे.

जाता जाता ‘कळतं पण वळत नाही’बद्दल. नाशिककरांना टाकळी माहीत आहे. समर्थांनी तिथे बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते. पुढे त्यांनी मनालाच हाक मारून २०५ श्लोक रचले. कळण्याने भागलं असतं तर इतकी आर्जवं करावी लागली नसती. ‘वळणे’ म्हणजे दिशा बदलणे. त्यावरून रस्त्याचं वळण, अक्षराचं वळण आणि मुलांना लावायचं चांगलं वळण. यंत्राने माणसाच्या हिताला धरून वागावं यासाठी तज्ज्ञ जे प्रयत्न करतात, त्याला कुणी ‘संरेखन’ म्हणतात. मला ‘वळण’ जास्त बरं वाटतं. असंख्य उदाहरणं दाखवून, बरंवाईट सांगत त्या यंत्राला घडवतात, म्हणजे वळणच लावतात. आणि वळण म्हटलं की ते लावणारं घरही आपोआप आठवतं.

तर मुलीने वहीत ‘ओळखतो’ ठेवावं, आणि गोष्ट लिहील तेव्हा ‘मोबाईलला कळतं’ खुशाल लिहावं. एक विचारायचं राहिलं: अंगठ्याच्या मशीनबद्दल आमच्याकडे ‘घेत नाही’ म्हणतात, सिन्नरकडे ‘अंगठा उठत नाही’ही ऐकलं आहे. तुमच्या गावात काय म्हणतात, ते जरूर कळवा.