मार लागलेली जुनी दुनळी बंदूक घ्यावी का? आधी नळ्यांच्या आत बघा

तुम्ही लिहिलंय की बारा बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) जुनी दुनळी मिळतेय, दस्ता पकडीजवळ तडकलाय, नळ्यांवर बाहेरून तपकिरी गंज आहे, उजव्या नळीला तोंडापासून वीतभर मागे पोचा आहे आणि विकणारा म्हणतोय नुसतं पॉलिश मारलं की नव्यासारखी होईल, तर घेऊ का. मी अशा बऱ्याच बंदुका हाताळल्यात, काही घेतल्या, त्याहून जास्त सोडल्या, आणि माझं उत्तर नळ्या आतून कशा आहेत यावरच ठरेल. तडा, गंज, उडालेलं पॉलिश हे डोळ्याला आधी दिसतं म्हणून माणूस त्यावरच घासाघीस करत बसतो, पण लाकूड जोडता येतं, वेळ पडली तर अख्खा दस्ता नवीन बसवता येतो, नळीचं पोलाद एकदा झिजलं की ते परत भरून येत नाही.

परवान्याचं आणि कागदपत्रांचं तुमच्याकडे जे काय असेल ते व्यवहाराच्या आधी, नंतर बघू म्हणू नका. आणि बंदूक हातात आली की उघडून दोन्ही चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) रिकामे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, समोरचा दहा वेळा सांगू दे.

आता नळ्या काढा, आतून कोरडं कापड फिरवून तेल पूर्ण पुसून घ्या कारण तेलाखाली खड्डे लपतात, आणि उजेडाकडे धरून आत बघा. चांगल्या नळीत उजेडाची कडी एकात एक दिसतात, कुठेही न मोडता. पोच्याच्या जागी कडं एका बाजूने चेपलेलं दिसतं, आणि नळी फुगलेली असेल तर गोलभर काळी सावली येते. दोन्ही टोकांनी बघा, सावकाश, नळी फिरवत फिरवत. पोचा असेल तर घाबरायचं कारण नाही, चांगला कारागीर आतून मापाचा ठोकळा घालून तो उचलतो, पण तो निघेपर्यंत त्या नळीतून एकही बार काढायचा नाही, छर्रे आणि वॅड (दारू आणि छर्ऱ्यांच्या मधला बोळा) त्याच उंचवट्यावर आदळतात. फुगवटा मात्र अवघड काम आहे, तिथे पोलाद ताणलं गेलेलं असतं, फुगलेली नळी मी तरी घेत नाही.

आतून एकदम चकचकीत दिसली तरी खूश होऊ नका, हे मी स्वतः भोगलंय. एक दुनळी घेतली होती, आतून आरशासारखी, मी हुरळून पैसे देऊन टाकले आणि नंतर गेजने भिंतीची जाडी मोजली तर मधल्या भागात कागदासारखी पातळ, कुणीतरी खड्डे घासून घासून काढले होते आणि खड्ड्यांबरोबर नळीही काढली होती. तोंडाशी कड चांगली जाड दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका, नळी पातळ होते ती मध्ये. जाडी मोजायचं गेज वेगळं असतं, ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे नळ्या न्या. ०.५ मिमीच्या खाली कुठेही आली तर मी सोडून देतो.

मग नळ्यांच्या बुडाशी, चेंबरजवळचे प्रूफचे शिक्के. लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाऊस (बर्मिंगहॅमचं १८१३ पासून) जास्त दाबाचा बार काढून नळ्या तपासतात आणि मगच शिक्का मारतात, बेल्जियममध्ये लीएझचंही तसंच. शिक्का जुन्या काळ्या दारूसाठीचा की नायट्रोसाठीचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठीचा, हे बघा. नळीवर वळणावळणाची नक्षी दिसली तर ती दमास्कस असू शकते, म्हणजे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या. दमास्कस म्हणून ती वाईट असं नाही, आणि नक्षी सुंदर म्हणून चांगली असंही नाही, शिक्का आणि मोजमाप काय म्हणतात तेच धरायचं.

चेंबरची लांबीही मोजून घ्या. बऱ्याच जुन्या ब्रिटिश बारा बोरच्या बंदुकांचं चेंबर अडीच इंचाचं असतं, त्यालाच ६५ मिमीचं म्हणतात, आणि आजची काडतुसं सर्रास ७० मिमीची. फसगत कुठे होते तर काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उघडलेल्या नळकांड्याची असते, दुमडलेलं असताना ते आखूड असतं, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये गुपचूप बसतं, बंदूक बंदही होते, आणि बार काढल्यावर तोंड उघडायला जागा नसते म्हणून दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय असं अजिबात नाही.

एक सोपी परीक्षा, पुढचा लाकडी भाग आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस मागे ढकलणारा भाग) काढून नळ्या बुडाखालच्या आकड्याने बोटावर लटकवा आणि पेन्सिलीने हलकेच टक करा. घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्या घट्ट आहेत. थप्प असा मेलेला आवाज आला तर कुठेतरी डाख सुटलाय आणि आत ओल जाऊन न दिसणारा गंज चालू असणार. याच कारणासाठी दुनळीला गरम क्षारांच्या हौदातलं झटपट काळं करून घेऊ नका, ते क्षार मऊ डाख खातात. माझ्या ओळखीतल्या एकाची बंदूक एका वर्कशॉपने तशी करून दिली, दिसायला झकास, काही महिन्यांनी पट्टीच्या कडेने तांबूस पाणी पाझरायला लागलं. दुनळीला हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून करतात तीच पद्धत.

बाकीचं पटपट सांगतो. पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करून उजेडासमोर धरा, नळ्या आणि ॲक्शनच्या (नळ्या ज्यात बसतात तो यंत्राचा धातूचा भाग) मधून उजेड दिसला किंवा खुळखुळ जाणवली तर सांधा ढिला झालाय, ते नीट करता येतं पण कुशल हात लागतो. बंदूक उघडायचा वरचा लिव्हर बंद असताना मधल्या रेषेच्या डाव्या बाजूला गेलेला असेल तर बंदूक भरपूर चाललीय. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर आत कुणीतरी अडाणी हात घालून गेलाय. नळ्या, ॲक्शन आणि पुढचं लाकूड, तिन्हींवर नंबर एकच हवा, या बंदुकांचे भाग हाताने घासून बसवलेले असतात, दुसऱ्या बंदुकीचा भाग त्याच कंपनीचा असला तरी सहसा तसाच्या तसा बसत नाही. चाप ओढून बघायचा असेल तर डमी काडतुसं घालून, रिकाम्यावर नको, जुन्या स्ट्रायकरचं (काडतुसावर आपटणारी पिन) टोक तुटतं.

तुमच्या दस्त्याच्या तड्याबद्दल, तडा कुठून सुरू होतो ते बघा आणि तिथलं लाकूड काळं आणि तेलकट आहे का तेही. वर्षानुवर्षं तेल मुरलेलं लाकूड मऊ पडतं आणि त्यावर गोंद धरत नाही, आधी तेल ओढून काढावं लागतं, त्याला दिवस लागतात. सँडपेपर तर लावूच नका, लाकूड धातूच्या खाली जातं, पकडीवर कोरलेली जाळीची नक्षी बुजते, आणि असा दस्ता मला बघवत नाही. बाहेरच्या गंजाला तेल आणि अगदी बारीक स्टील वूल, एवढंच.

तेव्हा विकणाऱ्याला सांगा की नळ्या गेजवाल्याकडून मोजून आणतो, जमल्यास त्यालाच बरोबर घेऊन जा. जाडी भरली, शिक्के जुळले, फुगवटा नाही, तर दस्ता आणि पोच्याचा खर्च आधी विचारून तो किमतीतून वजा करून बोला. आणि मोजायलाच देत नसेल तर सोडा, मी असतो तर सोडली असती.