सपाट पाय असतील तर स्टेबिलिटीचेच रनिंग शूज घ्यावे लागतात का? क्लिफ्टन, घोस्ट की कयानो?

तुमच्या प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय: वजन ८२ किलो, रोज सकाळी मिरामार ते दोनापावला धावणं, पाय सपाट, आणि ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलंय की स्टेबिलिटीचे, म्हणजे पाय आत कलू नये म्हणून आधार दिलेले, बूट घेतले नाहीत तर गुडघे जातील. होकाचा क्लिफ्टन, ब्रुक्सचा घोस्ट आणि असिक्सचा कयानो एवढ्यावर आलाय आणि ऑनलाइन सेल संपायच्या आत ठरवायचंय.

‘ग्रुपमधलं कुणीतरी’ वाचलं आणि आमचे भावजी आठवले. म्हणून लिहायला बसले, नाहीतर बुटांवर लिहायची मला काही हौस नाही.

आधी उत्तर देऊन टाकते. नाही, लागत नाहीत. सपाट पाय, म्हणजे तळव्याची कमान जमिनीला टेकलेली असणं, हा आजार नव्हे. ओल्या पायाचा ठसा बघून बूट ठरवणं हे तर निव्वळ थोतांड आहे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. हाफ मॅरेथॉनवाले. मेडलं हॉलमध्ये अशा जागी टांगलीत की पाहुण्याला विचारावंच लागतं. चवथीला, म्हणजे गणपतीला, आम्ही सगळे डिचोलीच्या घरी जमतो. त्या वर्षी खतखतं, वडे, पातोळ्या असं भरपेट जेवून माणसं सोप्यावर आडवी होत होती, तेवढ्यात भावजी परातीत पाणी घेऊन आले. मुलाबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत एकेकाने पाय बुडवायचा आणि लाल कोब्यावर ठसा उमटवायचा. सासूबाई आतून ओरडत होत्या, “मखराच्या वाटेवर पाणी करू नका रे, कोणतरी पडेल!” ऐकतंय कोण. माझा ठसा भरीव उमटला आणि भावजींनी सगळ्यांसमोर निकाल दिला, “वहिनी, तुमचा पाय फ्लॅट. ओव्हरप्रोनेशन, म्हणजे पाय आत जास्त कलतो. न्यूट्रल, म्हणजे आधार नसलेल्या साध्या बुटात धावलात तर वर्षभरात गुडघा गेला म्हणून समजा.”

मग त्यांनी हौसेने आईंनाही बोलावलं. सासूबाईंचा ठसा म्हणजे आख्खं पाऊल, मधे बोटभर जागा कोरडी नाही. ही बाई जन्मभर कुळागरात अनवाणी वर-खाली करत आली, पोफळीच्या मळ्यातून डोक्यावर ओझी घेऊन, पावसात, निसरड्या पायऱ्यांवरून. गुडघा दुखतो असं तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. मी विचारलं, “मग आईंचं काय?” भावजी म्हणाले, “आई कुठे धावते?” हे बिनतोड उत्तर होतं असं त्यांना अजूनही वाटतं.

पुढच्याच आठवड्यात बूट घरी. भावजींनीच ऑर्डर केलेले, पैसे आमच्या ह्यांच्या कार्डावरून. माप माझ्या चपलेवरून घेतलेलं. आतल्या बाजूला, कमानीखाली, कडक फोमची पट्टी घातलेला जुन्या पठडीतला स्टेबिलिटी बूट होता तो. ब्रँड सांगत नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या पायाला तोच सोन्यासारखा बसत असेल. माझ्या पायात मात्र पुढून आवळायचा आणि मधे दगडावर उभं राहिल्यासारखं टोचायचा. फर्मागुढीचा उतार उतरताना बोटं पुढे जाऊन आदळायची. करंगळीला फोड, डाव्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूने कळ. भावजींना फोन केला की सल्ला ठरलेला: सवय होऊ दे, मोजे बदला, नाडी सैल करा, आतला सोल दुसरा घाला. बूट सोडून बाकी सगळं बदलायला सांगितलं. डिसेंबरात वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनची १० किमी मी त्याच बुटात पूर्ण केली आणि घरी येऊन बघते तर अंगठ्याचं नख काळंठिक्कर.

मग एका शनिवारी कुणाला न विचारता पणजीला गेले. दुकानातला मुलगा कॉलेजात असेल-नसेल. त्याने कॅमेरा लावला नाही की ट्रेडमिलवर पळवलं नाही. माझ्या जुन्या बुटातला आतला सोल बाहेर ओढला, फरशीवर ठेवला आणि म्हणाला, “ताई, ह्याच्यावर उभ्या राहा.” पंजा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. “कमानीचं राहू द्या,” तो म्हणाला, “तुमचा पाय पुढून रुंद आहे.” आणि मला सरळ पुरुषांच्या फळीकडे घेऊन गेला.

हे बायकांना कुणी सांगत नाही म्हणून इथे थांबून सांगते. बायकांच्या बुटाची नेहमीची रुंदी ‘बी’ असते, पुरुषांची ‘डी’, म्हणजे रुंद. आपल्याकडे खोक्यावर यूके नंबर असतो आणि त्यात बाई-पुरुषाचा नंबर साधारण एकच चालतो. अमेरिकन नंबरात दीडचा फरक पडतो, तेवढं ऑनलाइन घेताना बघा. मी पुरुषांचा न्यूट्रल बूट घेतला, अर्धा नंबर मोठा, गडद निळा. फोड गेले, नख नवं आलं. गुडघ्याचीही कळ थांबली. पुढच्या चवथीला पायऱ्यांपाशी काढून ठेवलेले बूट बघून भावजींनी विचारलं, “दादाचे घालून आलात काय?” मी म्हटलं, “नाही, माझेच. न्यूट्रल.” त्यावर ते म्हणाले की अजून वर्ष व्हायचंय. वर्ष कधीच होऊन गेलं, गुडघा आहे तिथेच आहे.

आता हे नुसतं घरातलं भांडण नाही. अमेरिकेच्या लष्कराने, हवाई दलाने आणि मरीन्सनी हाच प्रयोग हजारो नव्या भरतीच्या जवानांवर केला. अर्ध्यांना पायाच्या ठशाप्रमाणे बूट दिले, म्हणजे सपाट पायाला मोशन कंट्रोल (स्टेबिलिटीहूनही कडक आधाराचा), उंच कमानीला कुशनचा. बाकीच्या सगळ्यांना, ठसा कसाही असो, एकच स्टेबिलिटी बूट. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे निकाल २०१० च्या आसपासच छापून आलेत. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग, ज्यांनी जन्मभर धावण्याच्या यांत्रिकीवर काम केलं, त्यांनीही २०१५ मध्ये लिहिलं की बूट निवडताना धावणाऱ्याला काय आरामदायी वाटतं हाच सगळ्यात भरवशाचा निकष दिसतो. मी ही लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली होती. भावजींनी अंगठा दिला. वाचली नाही.

आणि गंमत म्हणजे कंपन्यांनीच ती कडक पट्टी सोडून द्यायला घेतलीय. कयानो कित्येक वर्षं त्या पट्टीवर चालला. २०२३ च्या ३० व्या आवृत्तीत असिक्सने ती काढली, तळ रुंद केला आणि कमानीखाली मऊ फोम घातला. ब्रुक्सने ॲड्रेनलिन या आपल्या स्टेबिलिटी बुटात टाचेच्या दोन्ही बाजूंना कठडे दिले. म्हणजे ‘कयानो घे’ असं जो सांगतोय त्याच्या मनातला कयानो कोणता, हे आधी विचारा. बाकीच्या दोघांचंही तेच. क्लिफ्टन ९ चा ड्रॉप, म्हणजे टाच पंज्यापेक्षा जितकी उंच तो फरक, ५ मिमी होता, १० चा ८ झाला. घोस्ट १६ चा १२, १७ चा १०. खोक्यावर नाव तेच, आत बूट वेगळा. सेलमध्ये असते ती बहुधा मागची आवृत्ती. वाईट नसते, पण आकडा बघून घ्या. पोटरी किंवा टाचेमागची शीर कुरकुरत असेल तर कमी ड्रॉप नको. गुडघा कुरकुरत असेल तर १२ च्या मागे लागू नका.

कुशनबद्दल मला थोडंच म्हणायचंय. लोक दुकानात मानकुराद आंबा चाचपावा तसा बूट अंगठ्याने दाबून बघतात. धावताना पायावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट तरी भार येतो. तुमच्या बाबतीत तो २०० किलोच्या घरात जाईल, अंगठ्याला त्यातलं काय कळणार? ८२ किलोला कुशन हवाच, पण लोण्यासारखा मऊ आणि उंच असेल आणि तळ अरुंद असेल तर वळणावर घोटा डुलतो. पेव्हर ब्लॉक उखडलेत तिथे तर जास्तच. बूट वरून बघू नका, उलटा करून टाचेखालची रुंदी बघा. माझ्या मते खरी स्टेबिलिटी तिथेच आहे. आणि रोज रस्त्याच्या एकाच कडेने धावत असाल तर तेही तपासा. रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय कायम वरच्या बाजूला पडतो आणि आत जास्त कलतो. त्याचं खापर सपाट पायावर फुटतं. वर्दळ नसेल तिथे कधीतरी बाजू बदला.

आपल्याकडचा पाऊस कुठल्याच रिव्ह्यूत नसतो. जून ते सप्टेंबर बूट वाळत नाहीत. जाड गुबगुबीत जीभ आणि कॉलर असलेला बूट चार महिने कुबट राहतो, आणि या तिघांत कयानो सगळ्यात जड नि भरलेला. रात्री आतला सोल काढून वर्तमानपत्र कोंबा, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. तळाला रबर किती आणि कुठे आहे तेही बघा. उघडा फोम शेवाळावर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर सर्रकन घसरतो. चिऱ्याच्या खड्यांवर तो लवकर झिजतो ते वेगळंच.

तिघांतला कोणता, हे तुम्ही विचारलंत आणि मी अजून सांगितलं नाही. तुमचा पाय मी बघितलेला नाही. तरी बोलायलाच लावाल तर घोस्टपासून सुरुवात करा, न्यूट्रल आहे, पण डुलत नाही. पुढून रुंद पाय असेल तर रुंद मापात मिळतोय का बघा. पुरुषांमध्ये ‘२ई’ म्हणतात, आपल्या दुकानांत विचारलं की बहुतेक वेळा नकाराची मान हलते. क्लिफ्टन हलका आहे, पण नेहमीच्या मापात बोटं आवळतात का ते उभं राहून बघा. कयानो घालून बरं वाटलं तर खुशाल घ्या, नवा कयानो टोचत नाही. माझा राग त्या बुटावर नाही, तो गळ्यात मारणाऱ्यांवर आहे.

हेही सांगायला हवं. आज स्टेबिलिटीच्या बुटात धावताय आणि काही दुखत नाहीये, तर माझं ऐकून बदलू नका. लक्झेंबर्गच्या २०१६ च्या एका अभ्यासात पाय आत कलणाऱ्यांना मोशन कंट्रोलचा फायदा झालेलाही दिसलाय. भावजींना अजून तो सापडलेला नाही, तुम्ही सांगू नका. पाय लहानपणापासून सपाट असणं वेगळं आणि कमान हल्ली एकाच पायाची बसत चाललीय, घोट्याच्या आतून दुखतंय, हे वेगळं. तसं असेल तर बूट राहू द्या, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मधुमेह असून तळव्याला बधिरपणा असेल तरीही तेच.

ऑनलाइन सेलची घाई करू नका. संध्याकाळी पाय सुजलेले असताना, धावायचे मोजे घालून दुकानात जा. दोन्ही पायांत घाला, पायाच्या सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या बोटाची रुंदी सुटली पाहिजे. आतला सोल काढून त्यावर उभे राहा. दुकानदार गार फरशीवर चार पावलं चालायला सांगेल, तेवढ्यावर पैसे देऊ नका. बाहेर गल्लीच्या टोकापर्यंत धावून येऊ का विचारा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.