घरात नसलेली माणसं दिसतात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडील ७६ वर्षांचे. रात्री म्हणतात, सोफ्यावर दोन लहान मुलं बसलीयेत. पण नावं, हिशोब सगळं लक्षात असतं. मग हा डिमेन्शिया (मेंदूची क्षमता हळूहळू कमी होत जाण्याचा आजार) कसा?

उत्तर: विसरणं म्हणजेच डिमेन्शिया असं आपल्या डोक्यात बसलंय, पण लेवी बॉडी नावाच्या प्रकारात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असू शकते आणि असे भास लवकर सुरू होतात, तेही एकदम स्पष्ट, मुलं, माणसं, मांजरं वगैरे. जरा आठवून बघा, झोपेत ओरडतात का, हातपाय झाडतात का (हे तर कधीकधी कित्येक वर्षं आधीपासून असतं), चालणं मंदावलंय का, एक दिवस तल्लख आणि दुसऱ्या दिवशी हरवल्यासारखे असं होतं का? हे सगळं न्यूरोलॉजिस्टना तुम्हीच सांगा. वेड लागलंय म्हणतील या भीतीने पेशंट स्वतः बरेचदा बोलतच नाहीत.

प्रश्न: आई म्हणते कोपऱ्यात माणूस उभा आहे. नाही म्हटलं की चिडते. हो म्हणू का?

उत्तर: हो पण नको आणि वाद तर नकोच. "मला दिसत नाहीये, पण तू घाबरलीयेस ना, मी आहे इथे" एवढं म्हणा आणि लाइट लावा, अंधुक उजेडात दाराला लटकवलेला शर्टसुद्धा माणूस वाटतो. भासांचा त्रास होत नसेल तर औषध लागेलच असं नाही, लागलं तर रिवास्टिग्मिन किंवा डोनेपेझिलने फरक पडू शकतो. पण शांत करायला म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर लेवी बॉडीच्या पेशंटचं अंग ताठ होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं, म्हणून कुठेही अ‍ॅडमिट करताना लेवी बॉडीची शंका आहे हे आधी सांगा, प्लीज.

प्रश्न: सासूबाईंची नजर खूप कमी झालीये. त्यांना नक्षी, चेहरे दिसतात, पण ते खरं नाही हे त्यांना कळतं.

उत्तर: हा चार्ल्स बोने सिंड्रोम असू शकतो. १७६० साली बोने या स्विस निसर्गअभ्यासकांनी स्वतःच्या आजोबांबद्दल हेच लिहिलं होतं. डोळ्यांकडून माहिती कमी आली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. आधी डोळे तपासून घ्या.

प्रश्न: आजोबांना कालपासून अचानक भिंतीवर किडे दिसतायत, नीट बोलतही नाहीत.

उत्तर: थांबू नका, आजच डॉक्टर गाठा. एक-दोन दिवसांत सुरू झालेलं असं बहुतेक वेळा डिलिरियम असतं, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. त्याचं कारण युरिन इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं किंवा नवीन सुरू केलेली एखादी गोळी असू शकतं, आणि कारण सापडलं तर बरंही होतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, झोपेची आणि सर्दीचीसुद्धा.