वाचकांचे प्रश्न : स्लो कुकरमधील चॉकलेट फॉन्ड्यू

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे मुंबई-पुण्याची बरीच नातेवाईक मंडळी उतरतात. यंदा मुलांसाठी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, चॉकलेट फॉन्ड्यू (फळांचे तुकडे बुडवून खायचे गरम, पातळ चॉकलेट) करावे असे मनात आहे. आधी सराव असावा म्हणून चॉकलेटचे तुकडे कुकरमध्ये घालून, झाकण लावून ‘हाय’वर तासभर ठेवले. झाकण काढून पाहते तो चॉकलेटचा कोरडा, रवाळ गोळा झालेला आणि कडेच्या भागाला करपट वास! चॉकलेट हलक्या प्रतीचे होते की कुकरमध्ये काही बिघाड आहे? – एक गृहिणी, फोंडा

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून चॉकलेट आणि कुकर दोन्ही निर्दोष दिसतात. चॉकलेटमधील कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानापेक्षाही थोडे कमी असतानाच वितळते. म्हणून तर ते जिभेवर ठेवताच विरघळते. नुसते डार्क चॉकलेट ५० अंशांच्या फारसे पुढे जाऊ देऊ नये आणि मिल्क किंवा व्हाइट चॉकलेटला ४५ अंशच पुरेत, कारण त्यांतील दुधाचे घन पदार्थ लवकर करपतात. स्लो कुकर मात्र ‘लो’वर ठेवा वा ‘हाय’वर, शेवटी उकळबिंदूच्या जवळपासच पोहोचतो, फरक पडतो तो तिथवर जायला लागणाऱ्या वेळात. त्यामुळे ‘हाय’ऐवजी ‘लो’ लावून तासभर थांबलात तरी गत तीच होईल.

दुसरे कारण पाण्याचे आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि तिचे थेंब खाली पडतात. वितळलेल्या चॉकलेटमध्ये असे चार थेंब जरी गेले तरी त्यातील साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा गोळा बनतो. गंमत अशी की थोडे पाणी घात करते, पण भरपूर द्रव असला तर तोच गोळा पुन्हा सैल होतो. म्हणून पुन्हा असे झाले, आणि वास करपट नसला, तर ते टाकून देऊ नका. गरम दूध किंवा क्रीम चमच्याचमच्याने घालत जोराने घोटा, पाहता पाहता ते तुकतुकीत होईल. करपलेल्या चॉकलेटला मात्र इलाज नाही.

आता कृती. ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट अगदी बारीक चिरून घ्यावे. रिकामा, कोरडा कुकर ‘वॉर्म’वर ठेवून भांडे कोमट करावे. बाहेर गॅसवर २५० मिलिलिटर क्रीम, कडेला बुडबुडे दिसू लागेपर्यंतच, तापवावे आणि ते कुकरच्या भांड्यात ओतून त्यात चॉकलेट व चिमूटभर मीठ घालावे. चार-पाच मिनिटे हात लावू नये. मग मधोमध छोटी वर्तुळे काढत हलक्या हाताने ढवळायला सुरुवात करावी. आधी मिश्रण फुटल्यासारखे दिसते, मग मध्यभागी एक दाट, चकचकीत ठिपका तयार होतो आणि तो पसरत पसरत कडेपर्यंत पोहोचतो. हा बदल डोळ्यांनी टिपला की पुढच्या वेळी मोजमापाची फारशी गरज उरत नाही. क्रीमसह एकजीव झालेले चॉकलेट नुसत्या चॉकलेटपेक्षा अधिक उष्णता सोसते, तरीही झाकण उघडेच ठेवावे, दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळावे आणि मिश्रण फार गरम वाटू लागले तर कुकर बंद करावा. मातीचे जाड भांडे पुढे बराच वेळ ऊब धरून राहते. झाकण ठेवणे भागच असेल तर त्याखाली सुती पंचा ताणून बसवावा आणि त्याची टोके झाकणावर घ्यावीत, म्हणजे वाफ कापडात जिरते.

आपला कुकर पाच-सहा लिटरचा असेल तर एवढे मिश्रण तळाशी पातळ थरात पसरेल आणि लागेल. अशा वेळी मोठ्या भांड्यात दोन बोटे गरम पाणी घालून त्यात स्टीलचा खोलगट डबा ठेवावा आणि फॉन्ड्यू त्या डब्यात करावे.

चॉकलेट फॉन्ड्यू हा प्रकार १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या शाले स्विस या उपाहारगृहात कॉनराड एगली यांनी रूढ केला असे मानले जाते. तिथे भांड्याखाली अगदी मंद ज्योत असे. स्लो कुकरकडून आपल्याला हवी आहे ती तेवढीच ऊब. शिजवण्याचे काम त्याला देऊच नये.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून स्लो कुकर आणला आहे. फक्त पिनेचा अडॅप्टर लावून तो चालेल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : कृपया तसे करू नका. तिथली उपकरणे १२० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे २३० व्होल्ट वीज येते. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. तापतार मात्र जवळजवळ पावणेचारपट वीज खेचून जळेल, आगही लागू शकेल. कुकरच्या वॅटपेक्षा जास्त क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, किंवा इथलाच कुकर विकत घ्यावा.

प्रश्न : घरात दूध न चालणारी दोन माणसे आहेत. क्रीमऐवजी नारळाचा रस चालेल का? आणि बुडवायला इथले काय घ्यावे? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : उत्तम चालेल. पाणी जेमतेम घालून काढलेला पहिला दाट रसच घ्यावा आणि तो उकळू देऊ नये, नाही तर फुटतो. चॉकलेटच्या वेष्टनावर दुधाचे घटक नाहीत ना, तेही वाचावे. वाचताच आहात तर कोको बटर लिहिले आहे की वनस्पती तेल, हेही पाहावे. तेलाचे कंपाउंड चॉकलेट स्वस्त पडते, पण तोंडात मेणचट लागते.

बुडवण्यासाठी रसबाळी केळी, चिकू, संत्र्याच्या फोडी आणि भाजलेले काजू घ्यावेत. अननसही छान लागतो, मात्र तो कापून कापडावर पसरून चांगला टिपून घ्यावा, कारण त्याचा रस भांड्यात उतरला की फॉन्ड्यू पातळ होत जाते. माझी खास शिफारस जत्रेतल्या खाज्याची आहे. त्यातले आले आणि डार्क चॉकलेट यांचे फार सुरेख जमते. मोठ्यांसाठी काजूची फेणी घालायची असल्यास मुलांचा वाटा आधी वेगळा काढून, तयार फॉन्ड्यूत शेवटी एखादा चमचाच घालावी; तिचा वास इतका तेज असतो की जास्त झाली तर चॉकलेट मागे पडते.

उरलेले फॉन्ड्यू कुकरमध्ये रात्रभर ठेवू नये. नारळाचा रस लवकर आंबतो, म्हणून ते गार होताच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावे; क्रीमचे असेल तर तीन दिवस राहील आणि कोमट दुधात मिसळून मुलांना पुन्हा देता येईल.