'थर्ड वर्ल्ड' म्हणजे थर्ड क्लास नव्हे

प्रश्न असा आलाय: "तिसरं जग म्हणजे आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे तीन खंड, असं मुलीच्या वहीत लिहून दिलंय, ते बरोबर आहे का? आणि मराठीत तिसरं जग म्हणावं की विकसनशील देश?"

खंडांचं आधी उरकून टाकतो. बरोबर नाही. जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया आशियातच आहेत आणि त्यांना गरीब कोणीच म्हणत नाही. उलट हैती उत्तर अमेरिका खंडात मोडतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या सर्वात कमी विकसित देशांच्या यादीत आहे. खंड हा भूगोल झाला, विकास हा पैशाचा, शिक्षणाचा, आरोग्याचा हिशोब, एकावरून दुसरं ठरत नाही. वहीतलं वाक्य खोडा.

आता मुख्य मुद्दा. रस्त्यात खड्डा दिसला, लाइट गेली, लोकलला लोक लोंबकळताना दिसले की लगेच "आपण थर्ड वर्ल्ड कंट्रीच राहणार". टीव्हीवरच्या चर्चेत हेच, ऑफिसात हेच, अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी तर हमखास. माझी पक्की खात्री आहे की आपल्या कानाला या शब्दात 'थर्ड क्लास' ऐकू येतं. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७० च्या दशकात बंद झाला पण शिवी म्हणून तो अजून जिवंत आहे, सिनेमा थर्ड क्लास, चहा थर्ड क्लास, आणि त्याच चालीवर देशही थर्ड. म्हणजे पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा नंबर अशी कोणीतरी गुणवत्ता यादी लावलीय आणि आपण तिच्या तळाशी आहोत, असा समज. मूळ शब्दात अशी यादी नाहीच!

हा शब्द इंग्रजीतला नाही, फ्रेंचातून आलाय. आल्फ्रेद सोव्ही नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १४ ऑगस्ट १९५२ ला पॅरिसच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला. म्हणणं असं की आपण सारखं दोन जगांबद्दल बोलतो, भांडवलशाही आणि कम्युनिस्ट, त्यांचं युद्ध होईल का, ते एकत्र नांदतील का वगैरे, पण तिसरं एक जग आहे हे विसरतो आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि काळाच्या हिशोबाने तर ते पहिलंच आहे. हे नीट वाचा, ज्याने शब्द घडवला तोच म्हणतोय की क्रमाने हे पहिलं. आणि शेवटी तो म्हणतो की दुर्लक्षित, पिळलं गेलेलं, तुच्छ लेखलेलं हे 'तिएर मोंद' म्हणजे तिसरं जग, 'तिएर एता'सारखंच, आता काहीतरी होऊ पाहतंय.

'तिएर एता' म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या सभेतला तिसरा वर्ग. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा, शेतकरी, कारागीर, व्यापारी, वकील, म्हणजे देशातली शंभरातली पंचाण्णवहून जास्त माणसं. ही सभा १६१४ नंतर थेट १७८९ च्या मे महिन्यात व्हर्सायला भरली. जुन्या रिवाजाप्रमाणे मत माणशी नाही, वर्गाला एक, त्यामुळे वरचे दोन एक झाले की तिसरा कायमचा हरलेला. सियेस या पाद्र्याने त्याच वर्षी जानेवारीत पत्रक काढून विचारलं होतं, तिसरा वर्ग म्हणजे काय? सर्व काही. राजकारणात आजवर तो काय होता? काहीच नाही. त्याला काय हवंय? काहीतरी व्हायचंय. १७ जूनला त्या वर्गाने स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं आणि पुढची फ्रेंच राज्यक्रांती सगळ्यांना माहीत आहे. सोव्हीचं शेवटचं वाक्य सियेसच्याच उत्तरावर बेतलेलं आहे. म्हणजे 'तिसरं जग' म्हणताना त्याच्या मनात हक्क मागायला उठलेली बहुसंख्य माणसं होती, खड्डे नव्हते.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. फ्रेंचात क्रमाने तिसरा म्हणजे 'त्र्वाझिएम', आगगाडीचा तिसरा वर्गही त्र्वाझिएमच. सोव्हीने नाव देताना तो शब्द न घेता 'तिएर' घेतला, जुना शब्द, लॅटिन 'तेर्तिउस'पासूनचा, आपल्या 'तृतीय'चा सख्खा भाऊ. आणि मराठीत ही जोडी जशीच्या तशी आहे! रोजचा तिसरा, आणि जुना तिजा. दुजा-तिजा, भाऊबीज आणि हरतालिकेची तीज, बिजवर आणि तिजवर. शिवाय आजच्या फ्रेंचात 'तिएर' म्हणजे दोघांच्या व्यवहाराबाहेरचा माणूस, विम्याच्या कागदात तो सर्रास भेटतो, आणि त्याला आपल्याकडे हुबेहूब शब्द आहे, तिऱ्हाईत. दोघांच्या भांडणात न पडलेला तो तिऱ्हाईत. इंग्रजीने तिएर आणि त्र्वाझिएम दोघांना एकाच 'थर्ड'मध्ये कोंबलं, तिथे हा फरक मेला, आणि आपण इंग्रजीवरून भाषांतर केल्यामुळे हातात असलेला शब्द सोडून दिला. माझ्या मते 'तिजं जग' हेच खरं मराठी, आणि ते ऐकून कोणाला थर्ड क्लास आठवणार नाही.

पण तिऱ्हाईतावरून काही जण भलतीकडेच जातात, ते सांगणं भाग आहे. इंटरनेटवर ज्ञान वाटत फिरणारे म्हणतात की मूळ व्याख्येप्रमाणे स्वित्झर्लंड आणि स्वीडनही थर्ड वर्ल्ड, कारण ते कुठल्याच गटात नव्हते. साफ चूक, आणि हे म्हणणाऱ्यांनी सोव्हीचा लेख उघडलेलाच नाही. त्याने तिथेच स्पष्ट लिहिलंय की संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत ज्यांना अविकसित म्हणतात त्या देशांचा हा समूह. गटाबाहेर असणं आणि गरिबी, दोन्ही पहिल्या दिवसापासून आहेत. दुसरी मंडळी चीनच्या माओचा हवाला देतात, पण त्याची वाटणी १९७४ ची आणि वेगळीच, तिच्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही पहिल्या जगात, युरोप, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया दुसऱ्या, बाकीचे तिसऱ्या. ती सोव्हीच्या गळ्यात बांधू नका.

राहिला 'विकसनशील'. बोलायला वापरा, चांगला शब्द आहे, पण आज हिशोब मांडायला तो ढोबळ पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाने विकसित-विकसनशील ही विभागणी २०२१ मध्ये आपल्या यादीतून काढून टाकली. जागतिक बँक दरडोई उत्पन्नावरून चार गट करते, आणि भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे. परीक्षेत तेच लिहावं.

आणि 'चौथं जग' असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ दर वेळी तिसऱ्याहून गरीब देश असाच धरू नका. फ्रेंचातलं 'कार मोंद' हे नाव जोझेफ व्रेसिन्स्की या पाद्र्याने १९६९ मध्ये दिलं ते श्रीमंत देशांतल्याच अतिगरीब माणसांना, पॅरिसच्या कडेच्या झोपड्यांत राहणाऱ्यांना, आणि तिथेही 'कार' हा 'तिएर'सारखाच जुना क्रमवाचक आहे.