माशांच्या टाकीवर रात्रीच्या मंद उजेडासाठी छोटा एलईडी कसा जोडावा?

आपल्याकडे दोन फुटी टाकी, पाच मिलिमीटरचे दोन निळे एलईडी आणि जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे, आणि एलईडी थेट जोडावेत का व रात्रभर चालू ठेवावेत का, असे आपण विचारले आहे. थेट जोडू नयेत. एलईडी स्वतःहून विद्युतधारा मर्यादित ठेवत नाही, त्यामुळे रेझिस्टर (धारेला अडवून ती कमी करणारा छोटा भाग) नसेल तर तो क्षणार्धात जळतो.

निळ्या एलईडीवर साधारण ३ ते ३.२ व्होल्ट पडतात. दोन्ही एकापाठोपाठ एक जोडले की सुमारे ६.२ व्होल्ट खर्च होतात आणि उरलेले ५.८ व्होल्ट रेझिस्टरने सोसायचे असतात. या एलईडींची कमाल मर्यादा बहुधा २० मिलिअँपिअर असते आणि पुष्कळ जण तेवढीच धारा धरून हिशेब करतात. पण अंधाऱ्या खोलीत तेवढा उजेड चांदण्यासारखा न वाटता दुकानाच्या पाटीसारखा वाटतो. मी २.२ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर सुचवेन. त्यातून जेमतेम अडीच मिलिअँपिअर धारा वाहते आणि ती पुरेशी होते; तरीही उजेड जास्त वाटला तर ४.७ किलोओहम लावावा. शिवाय जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर १२ व्होल्टचा म्हणून विकलेला असला, तरी एवढ्या कमी भारावर तो १६-१७ व्होल्टही देतो. रेझिस्टर असा जास्त ओहमचा असल्यास त्यानेही बिघडत नाही.

अडॅप्टरच्या धन तारेला रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला पहिल्या एलईडीचा लांब पाय, त्याच्या आखूड पायाला दुसऱ्याचा लांब पाय आणि शेवटचा आखूड पाय ऋण तारेला, अशी जोडणी करावी. धन तार कोणती हे रंगावरून न ठरवता मल्टिमीटरने तपासावे. प्रत्येक सांधा सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) चढवावी. काचेच्या टाक्यांना लावतात ते व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन मात्र उघड्या सांध्यांवर लावू नये; त्यातून सुटणारे ॲसिटिक आम्ल तांब्याला गंज चढवते.

एलईडी पाण्यात बुडवण्याची काहीच गरज नाही. टाकीवरच्या काचेच्या झाकणावर, बाहेरच्या बाजूने, ते खाली तोंड करून बसवावेत. अडॅप्टरकडे जाणारी वायर सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशी सोडावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी त्या झोळातूनच खाली ठिबकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (धारा गळू लागताच वीज तोडणारा स्विच) असल्यास उत्तमच. थेट सॉकेटमध्ये खोचायच्या स्वस्त दिव्यांतला एलईडी काढून त्याच्या सर्किटसकट वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यांत अनेकदा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि एलईडीच्या पायांवरही २३० व्होल्टच्या लाइनचा धक्का बसू शकतो.

रात्रभर मात्र हा उजेड चालू ठेवू नये. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे डोळे मिटून उजेड टाळणे त्यांना शक्य नसते, आणि रात्रीच्या उजेडाने त्यांच्या शरीरातील मेलाटोनिन (रात्रीच्या विश्रांतीशी निगडित संप्रेरक) घटते. मुख्य दिवा एकदम बंद झाला की मासे दचकून काचेवर आपटतात, ते टाळणे हाच या निळ्या उजेडाचा खरा उपयोग आहे. म्हणून मुख्य दिवा बंद होण्याच्या अर्धा तास आधी निळा उजेड लागावा आणि मुख्य दिवा बंद झाल्यावर एक-दोन तासांनी विझावा, असा साधा टायमर सॉकेटवर लावावा.